पूर्णाकाठची नाव आणि लोखंडाचा गंज

वऱ्हाडात कोणी नावेविषयी बोलावयास बसला, तर ऐकणाऱ्याच्या मुखावर स्मित उमटणे स्वाभाविक आहे. आमचा मुलूख कापसाचा, तुरीचा आणि ज्वारीचा. समुद्र येथून शेकडो मैल दूर, आणि पूर्णा नदी म्हणावी तर उन्हाळ्यात तिच्या पात्रातून मुले पायीच पलीकडे जातात. परंतु दर्यापूर, अकोट, मूर्तिजापूर या तालुक्यांतील एखाद्या काठच्या गावी ज्यांनी श्रावण-भाद्रपद काढला आहे, त्यांना निराळा अनुभव आहे. सातपुड्याच्या माथ्यावर दोन दिवस पाऊस कोसळला की शहानूर, चंद्रभागा यांसारख्या नद्या एकदम फुगतात, ते सारे पाणी पूर्णेत उतरते आणि सपाट काळ्या रानात पसरते. मग गावाचे बेट होते. अशा वेळी गावात एखादी धड नाव असणे आणि नसणे यांत किती अंतर आहे, हे मला शिकावे लागले. आणि ज्या धड्याने मी ते शिकलो, तोच आज आपणांस सांगणार आहे.

ज्या गावी मी पुष्कळ वर्षे शिक्षक होतो, त्या पूर्णाकाठच्या गावाला पुराच्या प्रसंगासाठी लोखंडी पत्र्याची एक नाव मिळालेली होती. वर्षातील तीनशे साठ दिवस ती मारुतीच्या देवळामागे निंबाच्या सावलीत, काळ्या मातीवर पडून असे. मृग लागण्यापूर्वी तिला रंग देण्याचे काम ग्रामपंचायतीने शाळेकडे सोपविले होते, आणि शाळेने माझ्याकडे. वरच्या वर्गातील मुले घेऊन मी तिला दरवर्षी हिरवा रंग लावीत असे. मुलांना त्याची मोठी हौस. कोठे तांबेरा दिसला की त्यावर रंगाचा एक जाड हात अधिक फिरवावयाचा, आत साचलेला पालापाचोळा वरवर उचलून टाकावयाचा, आणि बूड तर मातीला टेकलेले, तिकडे पाहतो कोण? रंग वाळला की नाव नव्यासारखी झळके, आणि आपण एक सार्वजनिक काम नीट पार पाडले असे मला समाधान वाटे.

एका भाद्रपदात रात्रीतून पूर चढला. नदीपलीकडच्या एका मळ्यातील कुटुंब गोठ्याच्या छपरावर अडकले. पहाटे दहाबारा जणांनी नाव उचलून पाण्यात लोटली. ती वीस-पंचवीस हात गेली नसेल, तोच तिच्या बुडातून पाणी आत येऊ लागले. आणि एका तरुणाने वल्ह्यावर जोर देण्यासाठी पाय रोवला, तेव्हा त्याची टाच पत्र्यातून आरपार गेली. नावेतील सारे पट्टीचे पोहणारे होते म्हणून काठाला लागले. छपरावरील माणसांनी तो दिवस आणि पुढची रात्र तेथेच काढली. पाणी ओसरल्यावर ती सुखरूप खाली उतरली. परंतु दावणीला बांधलेली त्यांची बैलजोडी गेली. शेतकऱ्याच्या घरातून बैल जाणे म्हणजे काय, हे वऱ्हाडातील श्रोत्यांना मी सांगावयास नको.

नाव बाहेर ओढल्यावर गावच्या लोहाराने ती उपडी केली. बोटाने दाबताच पत्र्याचे पापुद्रे सुटत होते. तो मला म्हणाला, “गुरुजी, वरून त नाव निरी नवी दिसे, बुड मात्र कवाचंच सरलं होतं.” कोणी मला दोष दिला नाही, परंतु कुंचला माझ्या हाती होता. ‘वरून कीर्तन, आतून तमाशा’ अशी आपल्याकडे म्हण आहे. त्या नावेचे कीर्तन दहा वर्षे मीच केले होते. आणि विशेष हे की, लोखंड कशाने गंजते हा पाठ मी दरसाल वर्गात शिकवीत होतो!

तो पाठ आपणांपैकी अनेकांना स्मरत असेल. तीन बाटल्यांत तीन खिळे ठेवावयाचे. एकीत नुसती कोरडी हवा. दुसरीत उकळून हवा काढून टाकलेले पाणी आणि त्यावर तेलाचा थर. तिसरीत साधे पाणी. काही दिवसांनी पाहावे, तो तिसऱ्या बाटलीतील खिळा तेवढा गंजलेला. यावरून गंज चढण्यास हवा आणि पाणी दोन्ही लागतात, असा सिद्धान्त फळ्यावर लिहावयाचा आणि तास संपवावयाचा. सिद्धान्त खरा आहे. परंतु त्यावरून माझी अशी समजूत झाली की, जेथे हवा अधिक तेथे लोखंड अधिक झिजणार. म्हणून जो भाग उघड्यावर, तो रंगविला म्हणजे झाले. ही समजूत अगदी उलटी होती. ती कशी, हे त्या पुरानंतर मी पुस्तके चाळून समजून घेतले.

लोखंडाचा गंज ही एक प्रकारची देवघेव आहे, आणि ती एकाच पत्र्यावरील दोन जागांमध्ये चालते. ओल्या पत्र्याच्या एका जागी लोखंडाचे सूक्ष्म कण पाण्यात उतरतात आणि जाताना विजेचा अंश धातूत मागे ठेवतात. ती वीज पत्र्यातूनच वाहत दुसऱ्या जागी जाते. तेथे हवेतील प्राणवायू आणि पाणी मिळून तिचा स्वीकार करतात. एका टोकाला देणारा, दुसऱ्या टोकाला घेणारा, आणि मधल्या पाण्यातून हिशेब पुरा होतो. आता प्राणवायू घेणाऱ्याच्या बाजूला लागतो, म्हणून जेथे हवा मुबलक ती जागा घेणारी ठरते. आणि जेथे हवा पोहोचत नाही, ती बिचारी जागा देणारी ठरते, म्हणजेच तेथील लोखंड झिजते. चिखलाखाली, साचलेल्या पाल्याखाली, दोन पत्र्यांच्या सांध्यात, सुटलेल्या रंगाच्या पापुद्र्याखाली नेमकी हीच स्थिती असते.

केंब्रिज येथील युलिक एव्हान्स या शास्त्रज्ञाने सुमारे शंभर वर्षांपूर्वी हे एका थेंबात दाखवून दिले. त्याने घासून लखलखीत केलेल्या लोखंडावर मिठाच्या पाण्याचा एक थेंब ठेवला. त्यात अशी रसायने मिसळली होती की, लोखंड विरघळेल तेथे निळा रंग यावा आणि प्राणवायू खर्ची पडेल तेथे गुलाबी. थोड्याच वेळात थेंबाची कड गुलाबी झाली आणि मध्यभाग निळा. कडेला हवा सहज पोहोचते, मध्यभागी ती पोहोचत नाही. म्हणून लोखंड मधेच खाल्ले जात होते. तांबूस गंज मात्र जेथे दोन्हीकडची द्रव्ये एकमेकांस भेटतात, तेथे या दोहोंच्या मधे साचला. सारांश, तांबेरा दिसतो एकीकडे आणि भोक पडते दुसरीकडे. मी दहा वर्षे तांबेऱ्यावर रंग देत होतो. भोक बुडाखाली पडत होते.

यात मिठाचे काम कोणते? शुद्ध पाण्यातून वीज कष्टाने वाहते, खाऱ्या पाण्यातून सहज वाहते. म्हणून ही देवघेव खाऱ्या पाण्यात झपाट्याने चालते. शिवाय लोखंडाच्या पृष्ठावर जो थोडाबहुत संरक्षक थर बसतो, तो मीठ फोडून टाकते. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. तेथील जहाजांची चिंता यामुळेच मोठी. परंतु आपण समुद्रापासून दूर असलो तरी क्षारापासून दूर नाही. अमरावती, अकोला आणि बुलढाणा या जिल्ह्यांत पूर्णेच्या दोन्ही अंगांनी सुमारे ४,७०० चौरस किलोमीटरचा खारपाणपट्टा पसरलेला आहे. तेथील विहिरीचे पाणी तोंडात धरवत नाही, आणि ओली काळी माती क्षार धरून ठेवते. आमची नाव अशा मातीवर बूड टेकून बसली होती. पाण्यात न उतरताही ती दहा वर्षे खाऱ्या पाण्यातच उभी होती, असे म्हटले तरी चालेल.

आमच्या हातून आणखी एक चूक झाली होती. एकदा सांध्यातून गळती दिसली, तेव्हा कोणीतरी मोठ्या आस्थेने तेथे तांब्याच्या पत्र्याचे ठिगळ लावून दिले. तांबे गंजत नाही, मग नावेला ते उत्तमच, असा विचार. पुढे पाहतो तो ठिगळ शाबूत आणि त्याच्या भोवतालचे लोखंड चाळणीसारखे! हाच अनुभव इंग्रजांच्या आरमाराने अडीचशे वर्षांपूर्वी घेतला होता. ‘अलार्म’ नावाच्या लाकडी युद्धनौकेला १७६१ मध्ये समुद्रातील किडीपासून रक्षणासाठी तांब्याचा पत्रा मढविला. दोन वर्षांनी तपासणी झाली, तेव्हा तांब्याला टेकलेले लोखंडी खिळे सडून गेलेले आढळले. परंतु तांब्याचे पत्रे ज्या कागदात गुंडाळून आले होते, तो कागद जेथे खिळ्याखाली चुकून राहिला होता, तेथील खिळे धड होते. दोन भिन्न धातू ओलाव्यात एकमेकांस टेकले म्हणजे त्यांतील एक दुसऱ्याच्या पायी झिजतो. तांब्याच्या संगतीत लोखंडाचा नाश होतो. मध्ये कागदाचा आडपडदा जरी राहिला, तरी तो टळतो.

आता या अपकारातूनच उपकार कसा निघाला, ते पाहा. खाणीतील सुरक्षा-दिव्याचे जनक सर हंफ्रे डेव्ही यांनी १८२४ मध्ये असा विचार मांडला की, तांब्याच्या संगतीत लोखंड झिजते आणि तांबे वाचते. तर मग जहाजाच्या तांब्याला मुद्दाम लोखंडाचा किंवा जस्ताचा तुकडा का जोडू नये? त्यांनी तसे करविले, आणि तांब्याची झीज खरोखर थांबली. गंमत अशी की, तांबे झिजेनासे झाल्यावर त्याच्या विषाला भिऊन दूर राहणारे शेवाळ आणि शिंपले जहाजाला खुशाल चिकटू लागले, जहाजांची चाल मंदावली आणि आरमाराने ती योजना सोडून दिली. परंतु तत्त्व खोटे नव्हते. पुढे लोखंडी जहाजे आली, तेव्हा तेच तत्त्व त्यांच्या रक्षणास लागले. आजही पोलादी जहाजाच्या पाण्याखालील अंगाला जस्ताचे किंवा ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे ठोकळे बसवितात. ते ठोकळे झिजतात, जहाज वाचते. ते निम्मे सरले की नवे बसवावयाचे.

जस्ताचा हा गुण आपल्या घरात पिढ्यान् पिढ्या नांदत आला आहे. लोखंडी पत्र्यावर वितळलेल्या जस्ताचा लेप देण्याच्या कृतीचे हक्कपत्र फ्रान्समध्ये १८३७ साली सोरेल यांनी घेतले, आणि त्याच जातीच्या पत्र्याची जस्ती बादली आपल्या न्हाणीघरात आली. या बादलीला ओरखडा पडून आतले लोखंड उघडे झाले, तरी तेथे लगेच गंज धरत नाही. भोवतालचे जस्त स्वतः झिजून त्याला सांभाळते. रंगाचे तसे नाही. रंग हा केवळ पडदा आहे. तो फाटला की आतल्या लोखंडाचा कैवार घेणारे कोणी उरत नाही.

श्रोतेहो, लहान गावची नाव सोडा, राष्ट्राच्या अभिमानाचे जहाजही या नियमातून सुटत नाही. आपली पहिली विमानवाहू नौका ‘विक्रांत’ १९६१ ते १९९७ पर्यंत आरमाराच्या सेवेत होती. पुढे मुंबईस तिच्यावर संग्रहालय उघडले होते. ते सुरक्षिततेच्या कारणाने २०१२ मध्ये बंद करावे लागले, आणि २०१४ मध्ये ती मोडीत निघाली. जहाज सेवेत असते तोवर ठरावीक काळाने त्याला कोरड्या गोदीत घेऊन बूड खरवडणे, रंगविणे, ठोकळे बदलणे हे चालू राहते. मोठे जहाज नुसते उभे करून ठेवले, तरी हा खर्च सुटत नाही. समुद्र आपले काम थांबवीत नाही.

असो. आता आपल्या गावच्या नावेकडे वळू. ज्या गावी पत्र्याची नाव आहे, तेथील मंडळींनी पुढील गोष्टी अवश्य कराव्यात.

पहिली गोष्ट, नाव मातीवर ठेवू नये. पूर उतरला की ती गोड्या पाण्याने धुऊन, कोरडी करून, लाकडी ओंडक्यांवर किंवा विटांच्या ओट्यावर उपडी ठेवावी, म्हणजे आत पाणी साचणार नाही आणि खालून वारा खेळेल. खारपाणपट्ट्यात धुण्याचे पाणी विहिरीचे नसावे. पावसाचे अथवा धरणावरून नळाने आलेले असावे. खाऱ्या पाण्याने धुतलेली नाव न धुतलेलीच बरी.

दुसरी गोष्ट, रंग देण्यापूर्वी जुना गंज तारेच्या ब्रशाने आणि खरवडणीने साफ काढावा, धातू चकाकेपर्यंत. सांधे, कोपरे आणि बूड यांपासून आरंभ करावा. बाहेरची दर्शनी बाजू शेवटी. हातोडीने हलके ठोकून पाहावे. खणखणीत आवाजाऐवजी बद्द आवाज आला, तर तेथे पत्रा आतून गेला आहे असे समजावे. सफाई झाल्यावर उशीर न करता त्याच दिवशी गंजरोधक अस्तराचा हात द्यावा. तो वाळल्यावर दुसरा, आणि मग वरचा रंग. पूर्वी या अस्तरासाठी शेंदूर वापरीत. मारुतीच्या अंगावर चढतो तोच तो. त्यात शिसे असून ते विषारी आहे, म्हणून आज तो वापरू नये, आणि जुना शेंदरी रंग खरवडण्याच्या कामी मुलांना तर मुळीच लावू नये. आज रेड ऑक्साइडचे किंवा जस्तयुक्त अस्तर सहज मिळते.

तिसरी गोष्ट, ठिगळ लावावयाचे तर लोखंडाला लोखंडाचेच. तांबे किंवा पितळ यांचा खिळा, रिव्हेट वा पट्टी लावू नये. जस्ती पत्र्याला झाळले, तर झाळीच्या आजूबाजूचे जस्त जळून जाते. तेथे जस्तयुक्त रंगाचा हात पुन्हा द्यावा. त्या वेळी निघणारा पांढरा धूर छातीत जाऊन ताप आणतो, यास्तव हे काम उघड्यावर करावे.

येथे कोणी विचारील की, जहाजाप्रमाणे आमच्या नावेलाही जस्ताचा ठोकळा लावला तर? जी नाव बाराही महिने जलाशयात तरंगते, उदाहरणार्थ मासेमारीची, तिला तो उपयोगी पडेल. मात्र गोड्या पाण्यात जस्तापेक्षा मॅग्नेशियमचा ठोकळा अधिक काम करतो. ठोकळा उघड्या धातूला घट्ट टेकला पाहिजे, आणि त्यावर कधीही रंग चढवू नये. रंगविलेला ठोकळा म्हणजे हातपाय बांधलेला राखणदार. परंतु जी नाव वर्षभर जमिनीवर असते, तिला ठोकळ्याचा आधार नाही, कारण तो पाण्यात बुडालेला असतानाच काम करतो. अशा नावेला जस्ताचा लेप, चांगला रंग आणि कोरडी जागा हेच तारक. ॲल्युमिनियमच्या नावेलाही हेच नियम थोड्या फरकाने लागू आहेत. तिच्यावर लोखंडी वा पितळी सामान बसविताना मध्ये रबराचा किंवा प्लास्टिकचा तुकडा घालावा. ‘अलार्म’ जहाजावरील तो कागद आठवावा.

नावेचा हा नियम पुढे घराच्या उंबऱ्यापर्यंत येतो. खारपाणपट्ट्यात हातपंपाचे नळ आतून सडतात, मोटरीच्या कवचांना भोके पडतात, हे आपण पाहतोच. त्याहून गंभीर गोष्ट घराच्या स्लॅबची. विहिरीच्या खाऱ्या पाण्यात सिमेंट कालविले, तर ते क्षार आतल्या लोखंडी सळ्यांपर्यंत आपण स्वतःच्या हाताने पोहोचवितो. गंज मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापतो. सळई आतून फुगते, स्लॅबला चिरा पडतात आणि खपल्या खाली येतात. सळ्या घातलेल्या काँक्रीटसाठी कालविण्याच्या पाण्यात क्लोराइडचे प्रमाण लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपेक्षा अधिक असू नये, असे भारतीय मानकात सांगितले आहे. घर बांधणाऱ्याने तेवढ्या कामापुरते गोडे पाणी दुरून आणावे. टँकरचा खर्च स्लॅबपेक्षा खचितच कमी आहे.

त्या पुरानंतर गावाला दुसरी नाव मिळाली. मुले आणि मी तिला पूर्वीप्रमाणेच मृगापूर्वी रंग देऊ लागलो. परंतु आता पहिला दिवस रंगाचा नसे. त्या दिवशी रंगाचा डबा उघडावयाचा नाही, असा मी नियमच घातला होता. मुले नावेखाली पाठीवर निजून बूड पाहत, हातोडीने ठोकून आवाज ऐकत, आणि जेथे शंका येईल तेथे खडूने वर्तुळ काढीत. त्या वर्तुळांची संख्या मी हजेरीपटाच्या मागच्या पानावर टिपून ठेवी. ज्यांची बैलजोडी गेली होती, त्या घरचा मुलगाही पुढे माझ्या वर्गात आला. सर्वांत अधिक वर्तुळे तो काढी. कित्येकदा पत्रा धड असे आणि तरीही तो खडू टेकवी. मी त्याला कधी चूक म्हटले नाही.

आपल्या गावी अशी एखादी नाव असेल, तर या उन्हाळ्यात ती एकदा उपडी करून पाहावी, एवढीच विनंती आहे.